आठ जणींची ऑडिटर

सावजीच्या हॉटेलात आम्ही आठ जणी बसलेल्या असायच्या, लाल तर्रीचा रस्सा समोर यायचा, आणि पहिला घास तोंडात जायच्या आधी आमची ऑडिटर विचारायची, "मटन कोण नाही खाऊन राहिलं?" दोन हात वर व्हायचे. "अन् फक्त रस्सा कोण घेईन?" एखादी म्हणायची, मी नुसता चाखते. "मंग तू अर्धी," असं म्हणून ती मोबाइलवर काहीतरी टिपायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि मग जेवायला सुरुवात करायची. तोवर आमच्या भाकरी गार झालेल्या असायच्या.

तिचं नाव कुंदा. एका सरकारी कार्यालयात लेखा विभागात कारकून होती. तीस वर्षांपूर्वी, आमची लग्नं व्हायच्या आधी, आम्ही आठ जणी नागपुरात नोकरदार बायकांच्या एका वसतिगृहात राहायचो. पुढे कोणी मनीषनगरला गेली, कोणी जरीपटक्याला, पण वर्षातून एकदा सहल आणि अधूनमधून एखादं जेवण, एवढं आम्ही टिकवून धरलं होतं. 'ऑडिटर' हे नाव तिला रेखानं दिलं. रेखा आमच्यातली सगळ्यात सुखवस्तू, नवऱ्याचा बांधकामाचा धंदा, हात सैल. तिनं ते नाव चिडवायला ठेवलं होतं. कुंदानं ते निमूटपणे घेतलं, जसं तिनं बाकीचंही घेतलं.

हे काम तिच्या गळ्यात कसं पडलं ते सांगते. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पचमढीला गेलो होतो. गाडीचे पैसे एकीनं दिले, हॉटेलचे दुसरीनं, जेवणाचे जिच्या हाताला पाकीट लागेल तिनं. परतीच्या वाटेवर, सौसरच्या आसपास, कोणी जास्त भरले यावरून असं भांडण लागलं की नागपूर येईपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. पुढच्या सोमवारी कुंदानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक तक्ता केला, त्याचे आठ प्रिंट काढले आणि बसनं फिरून प्रत्येकीच्या घरी नेऊन दिले. वर आठ नावं. डावीकडे खर्च, अगदी चहा-भजीपासून टोलपर्यंत. कोणी दिले, किती दिले, त्यात कोण कोण होतं. होती तिच्यापुढे एक, नव्हती तिच्यापुढे शून्य. शेवटच्या ओळीत कोणाला किती यायचे आणि कोणाकडून किती घ्यायचे. त्यात भांडायला जागाच नव्हती. आम्ही सगळ्या गप्प बसलो, पैसे दिले आणि ठरवून टाकलं की यापुढे हे काम कुंदाचं. तिला विचारलं होतं का, हे मला आज आठवत नाही. बहुतेक नसेल विचारलं.

पुढे तो तक्ता मोबाइलवर आला. तिच्या मुलीनं तिला ते शिकवलं. आता खर्च झाल्या झाल्या आम्हाला आमच्या फोनवर दिसायचा. ज्यांच्याकडून पैसे यायचे त्यांचा आकडा ती पिवळा करायची. रेखा एकदा म्हणाली, देणं लाल रंगात दाखवतात गं, तू तर लेखा विभागातली. त्यावर कुंदा म्हणाली, "लाल पायलं की माणूस घाबरते. घाबरलं की लपते. पिवळाच बरा." पाच हजारांना आठानं भाग जातो, पण पाच हजार तीनला जात नाही. ते वरचे तीन रुपये ती दर वेळी स्वतःच्या नावावर टाकायची. आमच्या ड्रायव्हरचं जेवण मात्र आठांत वाटायची, आणि मटन न खाणारीनं कुरकुर केली तर म्हणायची, "त्यानं काय खाल्लं ते नाही पायचं. त्यानं आपल्याले सुखरूप आणलं ना?"

तिचा सगळ्यात मोठा त्रास आकड्यांचा नव्हता. आकडे तिला दहा मिनिटांत जमायचे. त्रास होता मागण्याचा. सहल संपली की आम्ही आपापल्या संसारात शिरायचो. कोणाच्या सासूचा मोतीबिंदू, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाचं गुडघ्याचं दुखणं. तक्ता फोनमध्ये पडून राहायचा. मग कुंदा एकेकीला फोन करायची, आधी तब्येत विचारायची, मग मुलांचं, मग हळूच, "ते पाह्यलं का वं?" आम्ही म्हणायचो, हो गं, आज टाकते. आणि विसरायचो. कधी कधी तिचं नाव फोनवर दिसलं की मी उचलत नसे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं. चाळीस रुपयांच्या शहाळ्याच्या पाण्यावरून आमच्यातली एक जण तर दोन वर्षं तिच्यावर रुसली होती. मी कुंदाला म्हटलं, सोडून द्यायचे होतेस चाळीस रुपये. ती म्हणाली, "मी सोडले असते. तिनं सोडले नसते ना, जिनं ते भरले. जे लिहिलं नाही ते मनात ठेवा लागते. मनात काहून ठेवाचं?"

मला वाटायचं, ही बाई मुळातच चिकट. मग एका दसऱ्याला मी काही कामानं तिच्या घरी गेले. दीक्षाभूमीला आलेली तिच्या माहेरची, सासरची, गावाकडची माणसं तिच्या तीन खोल्यांत उतरलेली होती. गच्चीवर सतरंज्या, जिन्यात चपलांचा ढीग, आणि कुंदा परातीत कणीक तिंबत होती. तिचा नवरा पंक्तीत वरण वाढत होता. पंचवीस-तीस माणसं तरी असतील. मी गमतीनं विचारलं, इथला तक्ता कुठंय? ती हात न थांबवता म्हणाली, "हे घरचे होत. घरच्यांचा हिशोब ठेवते का कोणी?"

"मग आम्ही कोण?"

"तुमी मैतरणी," ती म्हणाली. "घरचे कुठं जात नाहीत. मैतरणी टिकवा लागतात."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

सात वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचं गांधीबागेतलं कापडाचं दुकान बसलं. भागीदार बाजूला झाला, उधारी बुडाली, आणि एका दुपारी त्यांनी शटर ओढलं ते पुन्हा उघडलंच नाही. मी एका खाजगी शाळेत शिकवत होते, त्या पगारावर घर आलं. त्या वर्षी चिखलदऱ्याला जायचं ठरत होतं. मी म्हटलं, या वेळी मला जमायचं नाही. रेखानं ओळखलं. ती घरी आली, माझा हात धरून म्हणाली, "वेडी आहेस का? तू नुसती चल. पैशाचं आम्ही बघतो." मला रडू आलं. मी गेले. तीन दिवस सगळ्या माझ्याशी फार चांगलं वागल्या. इतकं चांगलं की मी कुठल्याच गोष्टीला नाही म्हणू शकले नाही. खिडकीजवळची जागाही मागितली नाही. हॉटेलात काय मागवायचं असं विचारलं की मी म्हणायचे, तुम्ही सांगाल ते.

परत आल्यावर रेखानं आमच्या ग्रुपवर लिहिलं, "कुंदा, या वेळी सातांत भाग. माधुरीचं नाव काढ." बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. संध्याकाळी तक्ता आला. वर आठ नावं होती. माझ्या नावाखाली पिवळ्या चौकटीत चार हजार तीनशे ऐंशी. रेखानं पुन्हा लिहिलं, "तुला सांगितलं होतं ना?" त्यावर कुंदाचं एकच वाक्य आलं. "नाव काढलं तर ती आली नव्हती का?"

मी तो फोन पालथा ठेवला. इतका अपमान मला शटर ओढताना वाटला नव्हता. सगळ्या माझ्या बाजूनं बोलत होत्या, आणि ज्या बाईनं कधी कोणाला दुखवलं नाही तिनं माझं देणं आठ जणींसमोर मांडलं होतं. रेखानं मला खाजगीत लिहिलं, तू लक्ष देऊ नकोस, तिला माणसं कळत नाहीत. मीही तेच समजले. त्यानंतर मी कुंदाशी बोलणं बंद केलं. तिचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी ती स्वतःच आली. उन्हातून, डोक्याला ओढणी गुंडाळून, दोन बस बदलून. पाणी प्यायली, चहा प्यायली. माझ्या नवऱ्याला तब्येत विचारली. ते आत गेल्यावर म्हणाली, "माह्यावर रागावली ना तू."

मी म्हटलं, "सगळ्या सोडून देत होत्या. तुलाच काय पडलं होतं?"

ती कपाच्या कानाशी चाळा करत बसली. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहूनही कधी सांगितली नव्हती. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्या वर्षी ती दहावीला होती आणि परीक्षेच्या फीचे पैसे घरात नव्हते. शाळेतल्या एका बाईंनी फी भरली. भल्या होत्या त्या. पण पुढे कुठलाही कार्यक्रम असला, की त्या कुंदाला पुढे बोलावून सांगायच्या, हिची फी मी भरली होती बरं का. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून कुंदा ते पैसे परत द्यायला गेली.

"बाई हासल्या," कुंदा म्हणाली. "म्हणाल्या, अगं, मी काय हिशोब ठेवला होता का? अन् नाही घेतले. पुढच्या कार्यक्रमात तेबी सांगतलं त्यांनी, की पोरगी पैसे द्यायले आली होती पण मी घेतले नाही. लिहून असते तं फेडले असते वं मी. लिहूनच नव्हते. मंग काय फेडाचं?"

मी तिचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"हिशोब ठेवला नाही म्हणजे माफ केलं, असं नसते," ती म्हणाली. "तुयं नाव काढलं असतं तं तू पाहुणी झाली असती. पाहुणीले कोणी पुढच्या वर्षी बोलावत नाही. मी तुले मागून नाही राहिली. पाच वर्षांनी दे, दहा वर्षांनी दे. पण आकडा तिथं राहू दे." मग पिशवी उचलून ती उठली. जिन्यात थांबून म्हणाली, "सगळ्यांसमोर टाकलं, ते चुकलं माह्यं. तुले आधी फोन कराले पायजे होता."

त्यानंतर मी थोडे थोडे पाठवू लागले. कधी दोनशे, कधी दीडशे. एकदा पन्नास पाठवले आणि लाज वाटली. कुंदा आकडा कमी करायची आणि त्या एका चौकटीचा फोटो मला एकटीला पाठवायची. वर काही लिहायची नाही, शाबासकी नाही, आभार नाहीत. त्या काळात मला सगळेच धीर देत होते आणि त्या धीरानं मी दमून गेले होते. तो फोटो आला की बरं वाटायचं. दोन वर्षांनी एका सकाळी चौकटीत शून्य आलं. लगेच तिचा फोन. "झालं," ती म्हणाली. "आता भांडाले मोकळी झाली तू." पुढच्या सहलीत मी खिडकीची जागा मागितली आणि रेखाशी हॉटेलवरून चांगली दहा मिनिटं वाद घातला. कुंदा पुढच्या सीटवर बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

गेल्या वर्षी आम्ही एका दिवसासाठी रामटेकला गेलो. कुंदा थकलेली दिसत होती. केस रंगवणं सोडलं होतं, पायऱ्या चढताना दोनदा बसली. तिच्या नवऱ्याची तब्येत बरी नाही एवढं आम्हाला माहीत होतं. बरी नाही म्हणजे काय, हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्या वयात बरी नसलेली माणसं प्रत्येकीच्या घरात होती. जेवणं झाल्यावर तिनं मोबाइल पुढे सरकवला आणि म्हणाली, "हे आता कोणी घेता का? लय सोपं आहे. मी शिकवून देते."

कोणी काही बोललं नाही. एक जण पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. रेखा म्हणाली, "तुझ्याइतकं नीट कोणाला जमणार गं?" मी मान खाली घालून ताटातला भात चिवडत होते. ज्या बाईनं मला दोन वर्षं धरून ठेवलं होतं तिनं आयुष्यात एकदा काही मागितलं, आणि मी भात चिवडत होते. कुंदानं मोबाइल परत घेतला. "बरं," म्हणाली. चार वाजता ती वेगळी गाडी करून निघून गेली. घरी मदतीला असलेली बाई पाचला जाते, म्हणाली.

पंधरा दिवसांत तिनं सगळ्यांकडून पैसे गोळा केले. एका सकाळी तक्ता आला, आठही नावांखाली शून्य. खाली लिहिलं होतं, "सर्वांचे पूर्ण. माझे काम झाले." आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली.

रेखाचा मला फोन आला, कोण काय बोललं तिला? कोणीच काही बोललं नव्हतं. मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत लोखंडी कॉटवर तिचा नवरा पडलेला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं कळत नव्हतं. दीड वर्ष झालं होतं त्याला. दीड वर्ष ती आम्हाला फोन करून आमच्या सासवांच्या तब्येती विचारत होती, आणि मग हळूच, ते पाह्यलं का वं. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. रायपूरला मुलीकडे दोघं कायमची चालली होती.

मी तिच्याबरोबर भांडी बांधायला बसले. ती स्टीलचे डबे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती, मी दोरी धरत होते. खूप वेळानं मी म्हटलं, "रामटेकला तू विचारलंस, तेव्हा मी मान खाली घातली."

"पायलं होतं मी," ती म्हणाली.

"राग आला असेल."

तिनं दोरीची गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. "राग नाही आला. राग आला असता तं बरं झालं असतं. रागात माणूस दोन शब्द बोलते. मी थकली होती वं. थकल्या माणसाजवळ शब्द नसतात." मग तिनं पुढचा डबा उचलला. पुढच्या खोलीत नवऱ्यानं काहीतरी आवाज केला आणि ती उठून गेली. तिला तो कळत होता.

गुरुवारी त्यांची गाडी निघाली. मला शाळा होती, मी जाऊ शकले नाही. असंही म्हणता येईल की मी सुट्टी घेतली नाही.

या हिवाळ्यात रेखानं पेंचला जायचं काढलं. हिशेब कोण ठेवणार, असा प्रश्न आला तेव्हा पुन्हा सगळ्या गप्प झाल्या. मी म्हटलं, मी ठेवते. आम्ही पाचच जणी गेलो. पहिल्या नाश्त्यापासून माझं लक्ष जेवणात नव्हतं. कोणी चहा घेतला, कोणी नाही, गाडीचा ॲडव्हान्स कोणी दिला, हे सगळं डोक्यात घेऊन मी जंगल पाहिलं. बाकीच्यांना बिबट्या दिसला. मी तेव्हा पार्किंगची पावती शोधत होते. घरी येऊन तक्ता पाठवला. आठ दिवस गेले. दोघींनी पैसे दिले. एकीनं फोन घेतला नाही. एक म्हणाली, किती मागं लागतेस गं, पळून चाललेय का मी?

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रायपूरला फोन लावला. कुंदानं नेहमीप्रमाणे आधी माझ्या गुडघ्याचं विचारलं, मग नवऱ्याचं. तिचा नवरा आता उशीला टेकून बसतो, म्हणाली, दोन शब्द बोलतो. मी तिला पेंचचं सगळं सांगितलं, बिबट्याचंही. ती हूं हूं करत ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "कुंदा, तू पंधरा वर्षं हे कसं केलंस गं? तुला किती त्रास झाला असेल."

पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं, फोन कटला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे," ती म्हणाली. "आजपर्यंत हे कोणी विचारलंच नव्हतं मले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांब जराशी," ती म्हणाली. "दूध ठेवलं आहे गॅसवर. बंद करून येते, मंग सांगते तुले सगळं."

फोन तिनं ओट्यावरच ठेवला असावा. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला, मग नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. मी फोन कानाला लावून बसून राहिले. ती परत आली आणि पचमढीपासून सांगू लागली.